गाडी बिघडली नव्हती

सेवंताबाईंना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत सरपंचासाठी म्हणून एक फिरती खुर्ची होती, तिच्या पाठीवर टॉवेलही टाकलेला असे. पण त्या उभ्या राहायच्या दारात, एक हात चौकटीवर ठेवून, आणि सगळा कारभार तिथूनच चालायचा. बसलं की उठायचा कंटाळा येतो, असं त्या सांगायच्या.

मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यावर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. नवरा कारंज्याला नोकरीला. मी आठवडाभर तांड्यावर राहायची आणि शनिवारी दुपारी घरी जायची. पहिल्या दिवशी बॅग घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी होते. समोरून एक उंच, काटक बाई झपझप चालत आल्या. पन्नाशीच्या असतील. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पदर घट्ट खोचलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "खोली पायजे न मॅडम? झालं समजा." मी काही बोलायच्या आत त्या माझी बॅग उचलून चालायलाही लागल्या होत्या. त्या तांड्याच्या सरपंच आहेत हे मला संध्याकाळी कळलं. खोली मिळाली ती त्यांच्याच घरासमोर.

'झालं समजा' हे त्यांचं पालुपद होतं. नळाची तोटी गळते, झालं समजा. रेशनचं धान्य आलं नाही, झालं समजा. 'बघू' या शब्दाचा त्यांना राग होता. बघू म्हणणारा माणूस पाठ फिरवून विसरतो, आणि तसं कोणी बोललं की त्या सरळ विचारायच्या, केव्हा बघता ते सांगा. तांड्यातली लहानथोर माणसं त्यांना याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा सगळे धरून चालले होते की कारभार नवराच पाहणार. मोतीराम हा त्यांचा नवरा अगदी गरीब स्वभावाचा माणूस. पहिल्या बैठकीला तो धुतलेला सदरा घालून खुर्चीशेजारी येऊन बसला. सेवंताबाईंनी दारातून त्याला हाक मारली आणि बकऱ्या सोडायच्या राहिल्यात, एवढंच सांगितलं. तो उठून गेला तो परत आला नाही. हे मला मोतीरामनेच सांगितलं. सांगताना तो मनापासून हसत होता. आपली सुटका झाली असंच त्याला वाटलं असावं.

तालुक्याच्या कार्यालयात त्यांचं वागणं ठरलेलं होतं. त्या मानोऱ्याला जायच्या, कामाचं सांगायच्या आणि मग बाहेर पायऱ्यांवर बसून राहायच्या. वाद नाही, आवाज चढवणं नाही. दुपारी फडक्यातली भाकर सोडायच्या आणि शिपायालाही चटणीभाकर द्यायच्या. साहेब जाता-येता पाहायचे, ही बाई बसलेलीच. आमच्या शाळेची पडलेली भिंत अशीच उभी राहिली. सायबाले माझ्या तोंडाचा कंटाळा आला, म्हणून सही झाली, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

मात्र चूक झाली असं कोणी म्हटलेलं त्यांना सहन होत नसे. तांड्याच्या वरच्या अंगाला त्यांनी जनावरांसाठी पाण्याचा हौद बांधून घेतला होता. लोकांनी आधीच सांगितलं होतं, तो चढ आहे, जनावरं खालच्या नाल्याकडून येतात, हौद तिकडे हवा. त्यांनी ऐकलं नाही. हौद बांधून झाला आणि एकही जनावर तिकडे फिरकलं नाही. मग दुसऱ्या कोणी नाही तर त्या स्वतः रोज संध्याकाळी आपली बैलजोडी तो चढ चढवून हौदावर न्यायच्या. बैल दमून वर पोचायचे, दोन घोट प्यायचे आणि उतरायचे. त्या हौदाच्या कडेला उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहायच्या. पाहा, पितात की नाही. माझी खिडकी त्याच बाजूला होती. मी हसायची, पण खिडकीच्या आत.

दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला निघून जायचा. घरांना कुलपं लागायची. मागे उरायची म्हातारी माणसं, शाळेतली काही पोरं आणि शेती असलेली थोडी घरं. आजारपण आलं की मानोऱ्यापर्यंत न्यायला कोणी नसे. सेवंताबाईंनी पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या तांड्यातल्या लोकांच्या मागे लागून एक जुनी व्हॅन मिळवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'तांड्याची गाडी' असं लिहून घेतलं. ती पंचायतीसमोरच्या कडुलिंबाखाली उभी असायची. चालवायला वसंता होता. चाळिशीचा, पूर्वी टेम्पो चालवलेला, कमी बोलणारा माणूस. गाडीचा एकच नेम होता आणि तो सेवंताबाईंनीच घातलेला: दुखण्याशिवाय गाडी हलणार नाही. त्यांच्या स्वतःच्या भाच्याच्या लग्नालाही त्यांनी ती दिली नाही. त्यावरून माहेरच्या माणसांनी बोलणं टाकलं होतं. त्यांनी ते चालवून घेतलं.

त्या वर्षी चैत्रात पोहरादेवीची जत्रा भरली होती. लांबलांबून लोक येतात तेव्हा, आमच्या तांड्यासमोरून जाणारा रस्ताही दिवसभर गाड्यांनी भरलेला असतो. शाळेला सुट्टी होती, पण उत्तरपत्रिका तपासायच्या म्हणून मी खोलीवरच थांबले होते. दुपारी बाहेर आरडाओरडा ऐकू आला. तांड्यातली लता, सुभाषची बायको, म्हशीसाठी गंजीतून कडबा उपसत होती. आत साप होता. तो तिच्या मनगटाला चावला.

लोक लिंबाकडे धावले. तिथे गाडी नव्हती. वसंताही घरी नव्हता. सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती जत्रेच्या गर्दीत पलीकडच्या टोकाला होती. शेवटी सुभाषने मोटारसायकल काढली. मधे लता, मागे तिला धरून दीर. समोरचा रस्ता गाड्यांनी तुंबलेला होता. ते मधूनच शेतातून गेले, पुन्हा रस्त्यावर आले, पुन्हा अडकले. मानोऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिची मान पडली होती. तिथून वाशीमला नेताना वाटेत ती गेली. तिची दोन्ही मुलं माझ्याच शाळेत होती, धाकटा पहिलीत.

संध्याकाळी सुभाषच्या दारात सगळा तांडा जमला. सेवंताबाई लताच्या सासूला धरून बसल्या होत्या. लताचा सासरा रामजी, म्हातारा माणूस, त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "याडी, गाडी कुठं होती?"

त्यांनी वर न पाहता सांगितलं, "बिघडली होती. वसंता दुरुस्तीले घेऊन गेला होता."

वसंता तोवर परतला होता. गर्दीच्या मागे उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं ते सगळ्यांनी पाहिलं म्हणून. त्याने हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

दोन दिवसांत दुसरी गोष्ट पसरली. कोणीतरी गाडी जत्रेच्या रस्त्यावर पाहिली होती, माणसांनी भरलेली. लोकांनी त्याचा अर्थ लावला: वसंताने दुरुस्तीचं निमित्त सांगून गाडी नेली आणि जत्रेत भाडी मारली. याडीला फसवलं. सुभाष त्याच्या दारात जाऊन रोज शिव्या द्यायचा. वसंता ओट्यावर बसून ऐकायचा. त्याच्या बायकोला पाण्याच्या रांगेत कोणी पुढे सरकू देईना. पावसाळा सुरू झाला तसा तो बायको-मुलांना घेऊन पुण्याला निघून गेला. तांड्यातल्या कोणी त्याला निरोप दिला नाही.

सेवंताबाई काम करत होत्या. पूर्वी करायच्या तेवढंच, त्याच वेळेला. सकाळी पंचायत उघडणं, दारात उभं राहणं, मानोऱ्याला जाणं. पण मला खिडकीतून दिसायचं की त्या कामात आता त्या नव्हत्याच. कोणी काही मागितलं की मान हलवायच्या. 'झालं समजा' मी त्यानंतर ऐकलं नाही. मोतीराम चहा आणून ठेवायचा, तो तसाच राहायचा, तो नेऊन टाकायचा, पुन्हा आणायचा. संध्याकाळी बैल वरच्या हौदाकडे नेणं त्यांनी बंद केलं. मोतीराम त्यांना नाल्यावर पाजून आणायचा. मी एकदा विचारलं, तब्येत बरी नाही का. त्या म्हणाल्या, "बरी हाय. काही दुखत नाई." आणि आपला तळहात असा उलटसुलट करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

गणपतीच्या सुट्टीत मी पुण्याला बहिणीकडे निघाले होते. सेवंताबाई म्हणाल्या, मलाही येऊ द्या, वसंताले भेटाचं हाय. तांड्यात ही बातमी कळली तेव्हा सगळ्यांना त्यांचं कौतुक वाटलं. याडीचं मन मोठं, म्हणाले, एवढं होऊन त्याला परत आणायला चालली. मलाही तसंच वाटलं होतं.

वसंता एका अर्धवट बांधलेल्या इमारतीवर पहारेकरी होता. तळमजल्यावर पत्र्याची खोली. त्याने आम्हाला पाहिलं आणि आतून प्लास्टिकची खुर्ची आणली. सेवंताबाई वाळूच्या ढिगापाशी उभ्याच राहिल्या. मी त्याच्या बायकोजवळ बसले, ती चहा ठेवत होती. ती माझ्याशी मुलांच्या शाळेबद्दल बोलली, याडी कशाला आल्या हे तिने विचारलं नाही. तिकडे सेवंताबाई बराच वेळ बोलत होत्या, जमिनीकडे पाहत, हळू आवाजात. वसंता ऐकत होता. मग तो बोलला, आणि त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा असल्यामुळे ते आम्हाला ऐकू आलं.

"मले कायले सांगता याडी? मले तर मालूमच हाय. ज्यायले मालूम नाई, त्यायले सांगा."

स्टोव्हसमोर बसलेल्या त्याच्या बायकोने मान खाली घातली. मी काय ते समजले, आणि समजल्यावर मला काही विचारावंसं वाटलं नाही. परतीच्या गाडीत सेवंताबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. वाटेत एकदाच म्हणाल्या, त्यानं चहा पाजला. बस, एवढंच.

गांधी जयंतीची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात असते. दिवाळीआधीची, म्हणून माणसं भरपूर येतात. त्या दिवशीही होती. सुभाष आणि रामजी पुढे बसले होते, बायका व्हरांड्यात. ग्रामसेवकांनी विषय वाचायला सुरुवात केली तेव्हा सेवंताबाई म्हणाल्या, पहिला विषय माझा आहे. ग्रामसेवक कागद धरून थांबले.

त्या नेहमीसारख्या उभ्या होत्या, फक्त धरायला चौकट नव्हती. आवाज सपाट होता, हजेरी घेताना असतो तसा.

"गाडी बिघडली नव्हती," त्या म्हणाल्या. "जत्रेत मोठे पाहुणे येणार होते. त्यायच्या माणसाईले आणाले मी गाडी पाठवली. वसंता म्हणे, याडी, आपला नेम हाय. मी म्हटलं, संध्याकाळच्या आत येते. त्याचं आयकलं नाई. लता गेली. मंग तुमी विचारलं, तवा मी खोटं बोलली. वसंताचं नाव खराब झालं, तो गाव सोडून गेला, ते बी मी पाहत राह्यली. त्यानं भाडी मारली नाई. चूक माही हाय."

व्हरांड्यातल्या एका बाईच्या कडेवरचं मूल रडत होतं, तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मग उपसरपंच उठले. चांगला माणूस, सेवंताबाईंना मानणारा. त्यांनी सभेला समजावल्यासारखं सांगितलं की याडीने गाडी स्वतःसाठी पाठवली नव्हती, त्या पाहुण्यांनी फाट्यापासून तांड्यापर्यंतच्या रस्त्याचा शब्द दिला होता. रस्ता झाला तर सगळ्यांचाच फायदा. आणि गाडी असती तरी त्या गर्दीतून ती वेळेवर पोचली असती असं कोण सांगणार, साप जहरी होता. काही माना हलल्या. लोकांना ते हवंच होतं. मलाही हवं होतं.

सेवंताबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "ते नका सांगू," त्या म्हणाल्या. "वाचली असती का नसती, ते मले मालूम नाई. गाडी नव्हती, ते मालूम हाय."

रामजी काठी टेकत उठला आणि कोणाकडे न पाहता फाटकातून निघून गेला. सुभाष बसलेलाच होता. तो बोलला तेव्हा त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण गेलं.

"आता काहून सांगितलं याडी? मी रोज वसंताले शिव्या देत होतो. दिल्या का मंग जेवण जात होतं. आता कोणाले देऊ?"

"मले दे," त्या म्हणाल्या.

सुभाष त्यांच्याकडे पाहत राहिला. याच बाईंनी त्याला हाताला धरून शाळेत बसवलं होतं, त्याचं लग्न जमवलं होतं. त्याचे ओठ हलले. मग त्याने मान हलवली, पटांगणातल्या मातीवरून हात फिरवला आणि उठून बापाच्या मागे गेला. सभा तिथेच संपली. बाकीचे विषय कोणी वाचले नाहीत.

मला वाटलं होतं की आता त्यांना हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही मोतीरामने चहा ठेवला आणि तो तसाच राहिला. विरोधी गटाचे लोक म्हणाले, पाहा, कबूल केलं. सेवंताबाईंच्या बाजूचे म्हणाले, बोलायची काही गरज होती का, सगळं शांत झालं होतं. त्यांच्या मोठ्या मुलाने, तो वाशीमला राहतो, फोनवर विचारलं की आमचं तोंड कुठे दाखवायचं, आणि मग बरेच महिने फोनच केला नाही. एकजण माझ्यासमोर म्हणाला की पुढच्या निवडणुकीसाठी ही चाल आहे. त्याच आठवड्यात सेवंताबाईंनी मानोऱ्याला जाऊन राजीनामा दिला. तो देऊन त्या पायऱ्यांवर बसल्या नाहीत, तशाच परत आल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा उपसरपंचांच्या हातात दिला.

वसंता दिवाळीला आला. लोक त्याच्या घरी गेले, बायकांनी त्याच्या बायकोला फराळ नेऊन दिला. सुभाषही गेला. वसंताने ओट्यावर सरकून त्याला जागा दिली. गाडी पुन्हा चालव, असं पंचायतीने वसंताला सांगितलं. तो नको म्हणाला. तिकडं जमलं आता, पोरांच्या शाळा लागल्या, असं त्याचं म्हणणं. दिवाळी होताच तो गेला. जाण्याआधी तो सेवंताबाईंच्या दारात आला होता. दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. खिडकीतून दिसलं ते इतकंच की तो खाली वाकला आणि त्यांनी पाय मागे घेतले.

रस्ताही झाला. त्या हिवाळ्यात डांबर पडलं. लोक त्यावर जोंधळा वाळत घालायचे.

पुढच्या उन्हाळ्याआधी माझी बदली धनजला झाली. तांड्यावरून निघाले तेव्हा सेवंताबाईंनी माझी बॅग फाट्यापर्यंत आणली. मी त्यांना सांगितलं की तुम्ही बोललात ते बरं केलंत. हे मला कधीपासून म्हणायचं होतं. त्यांनी ऐकलं आणि बस येते का ते पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं काय त्यात मॅडम. आधी कराचं होतं, ते मंग केलं."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. सासूबाईंचा नवस होता म्हणून आम्ही पोहरादेवीला निघालो होतो, जत्रेचेच दिवस. मानोरा सोडल्यावर आमची बस गाड्यांच्या रांगेत अडकली. ऊन कडक होतं. बस थोडी पुढे सरके, थांबे, आणि ड्रायव्हर कोणावर तरी चिडून हॉर्न वाजवत होता. मी डोकं बाहेर काढून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध एक उंच बाई उभी होती, पदर घट्ट खोचलेला, डोक्यावर ओलं फडकं. तांड्याचा फाटा तिथून जवळच होता. ती हाताने गाड्यांना एका अंगाला दाबत होती. ट्रॅक्टर, जीपा, मोटारसायकली, जो कोणी रांग सोडून दुसऱ्या बाजूने घुसायचा त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. लोक तिला बोलत होते. एका जीपवाल्याने गाडी अगदी तिच्या अंगाशी आणली. ती हलली नाही, त्यालाच मागे जावं लागलं.

आमचा ड्रायव्हर म्हणाला, ही बाई सकाळपासून उभी आहे, कोणी नेमलेली नाही, वेडी असेल. सासूबाईंनी मला विचारलं, ओळखतेस का. मी हो म्हटलं.

बस त्यांच्या शेजारून गेली तेव्हा मी हाक मारू शकले असते. त्यांचं लक्ष वर नव्हतं, चाकांकडे होतं. त्यांच्या पलीकडे रस्त्याची एक पट्टी लांबपर्यंत मोकळी होती, मानोऱ्याच्या दवाखान्याकडे जाणारी. मी मागच्या काचेतून पाहत राहिले. आम्ही वळणावर पोचेपर्यंत त्या मोकळ्या पट्टीवरून एकही गाडी गेली नाही.